तोच दिवा, त्याच जागी

मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, रात्री बारा ते चार. किनारा जवळ येत असला की त्या चार तासांत माझं एक काम ठरलेलं असतं. चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, छापलेला दिवा क्षितिजावर शोधायचा, दिसला की स्टॉपवॉच दाबायचं आणि त्याची लय मोजायची. चार्टवर प्रत्येक दीपगृहाच्या खुणेशेजारी बारीक अक्षरांत त्याची ओळख लिहिलेली असते: किती चमका, किती सेकंदांनी, दिवा समुद्रसपाटीपासून किती उंच, किती सागरी मैलांवरून दिसेल. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यासमोरचा एडिस्टोनचा दिवा दर १० सेकंदांनी दोन चमका देतो. त्याच्या पश्चिमेला सिली बेटांच्या टोकाशी असलेला बिशप रॉकसुद्धा दोनच चमका देतो, पण दर १५ सेकंदांनी. कुठल्या खडकासमोर आहोत हे त्या पाच सेकंदांवर ठरतं. एकदा मोजून भागत नाही. लागोपाठ तीनदा तेवढेच सेकंद आले तरच ओळख पटली म्हणायचं, ही शिस्त मला पहिल्या जहाजावरच लागली.

दिवा एकदम दिसत नाही. आधी क्षितिजाच्या खाली असलेल्या झोताची पुसट आभा आकाशात फिरताना दिसते. मग थोड्या वेळाने खरा बिंदू वर येतो. तो नेमका कधी वर येईल हे मोजता येतं: दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ, आपल्या डोळ्यांच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्हींची बेरीज आणि तिला २.०८ ने गुणायचं, की सागरी मैल मिळतात. दिवा ३६ मीटरवर आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या मजल्यावर, उभ्या माणसाचे डोळे २५ मीटरवर असतील तर सहा अधिक पाच अकरा, म्हणजे जवळपास २३ मैल. हवा स्वच्छ असेल आणि दिवा तेवढा प्रखर असेल तर अगदी त्या अंतरावर, समुद्र शांत असताना, ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाजूच्या सज्ज्यावर, गुडघ्यात जरा वाकलं तरी दिवा बुडतो आणि सरळ उभं राहिलं की पुन्हा उगवतो. नव्या कॅडेटला मी हे करायला लावतेच. पृथ्वी गोल आहे हे गुडघ्यांना कळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

खलाशाला दिव्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात. तो तिथे असावा, आणि तो तोच असावा. खडकाळ किनाऱ्यांवरच्या दीपगृहांचा इतिहास मी बरीच वर्षं वाचतेय, मिळेल तिथून, आणि मला तो सगळा या दोन मागण्यांभोवतीच फिरताना दिसतो. पहिल्या मागणीपायी माणसं समुद्राशी झुंजली. दुसरीपायी त्यांनी प्रकाशाचा अभ्यास केला. दोन्हींत जीव गेले.

सपाट, वाळूच्या किनाऱ्यावर मनोरा बांधणं तुलनेनं सोपं. अलेक्झांड्रियाचं प्राचीन दीपगृह तसल्याच सखल किनाऱ्यावर होतं. उघड्या महासागराकडे तोंड करून, कड्यावर उभा असलेला आणि आजही दिवा दाखवणारा रोमन मनोरा स्पेनच्या वायव्य टोकाला आ कोरुन्या इथे आहे. त्याला हर्क्युलिसचा मनोरा म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला दगडाचं नवं आवरण चढवलं, पण आतला गाभा रोमनच आहे. तरीही तो जमिनीवर आहे. खरी परीक्षा होती ती भरतीला बुडणाऱ्या, किनाऱ्यापासून कित्येक मैल आत असलेल्या खडकांवर. जहाजं फुटायची ती तिथेच.

एडिस्टोनवर आजवर चार मनोरे झाले. मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर या चौघांनी.

पहिला हेन्री विन्स्टन्लीचा. हा माणूस मुळात चित्रं कोरणारा आणि गमतीची यंत्रं बनवून लोकांना दाखवणारा. जहाजांतही त्याचा पैसा गुंतला होता आणि त्याची जहाजं या खडकांवर फुटली, तेव्हा त्यानं स्वतःच मनोरा बांधायला घेतला. काम चालू असताना, १६९७ मध्ये, एका फ्रेंच खासगी लढाऊ जहाजानं त्याला पकडून नेलं. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं त्याला सोडून द्यायला लावलं. आपलं युद्ध इंग्लंडशी आहे, माणुसकीशी नाही, असा त्याचा आशय सांगतात. १४ नोव्हेंबर १६९८ ला दिवा लागला. मनोरा सज्जे, नक्षी आणि कमानींनी नटलेला होता. अशा मनोऱ्यावर वारा आणि लाट दोघांना धरायला जागा मिळते. आजवरच्या सगळ्यात मोठ्या वादळात आपण या मनोऱ्यात असावं, अशी इच्छा विन्स्टन्लीनं बोलून दाखवली होती. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात तो डागडुजीसाठी तिथेच मुक्कामाला होता. सकाळी खडकावर जवळपास काहीच उरलं नव्हतं, ना मनोरा ना माणसं. त्यानंतर लगेचच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारं विन्चेल्सी नावाचं जहाज त्याच खडकावर फुटलं.

दुसरा मनोरा जॉन रडयर्डचा. तो रेशमाचा व्यापारी होता, पण त्यानं हाताशी जहाज बांधणारे सुतार घेतले आणि त्यांची अक्कल मानली. बाहेरून लाकडाच्या फळ्या, आत दगडाचं वजन, आकार गुळगुळीत शंकूसारखा. समुद्रानं त्याचं काही बिघडवलं नाही. जवळपास पन्नास वर्षांनी, डिसेंबर १७५५ मध्ये, त्याला आगीनं खाल्लं. रखवालदार हेन्री हॉल ९४ वर्षांचा होता. तो खालून वर बादलीनं पाणी फेकत आग विझवायला धडपडत असताना छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर आलं. माझ्या पोटात शिसं गेलंय, असं तो डॉक्टरांना सांगत राहिला आणि कुणाचा विश्वास बसेना. बाराव्या दिवशी तो गेला. पोटातून सुमारे २०० ग्रॅमचा शिशाचा गोळा निघाला, तो आज एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस समुद्रातल्या खडकावर नोकरी करत होता, यावर मी अजून थांबते.

मग आला जॉन स्मीटन. त्यानं मनोऱ्याचा आकार ओकच्या बुंध्यावरून घेतला, बुडाशी पसरट आणि वर आवळत जाणारा, म्हणजे जडपणा सगळा खाली. पण त्याची खरी करामत दगडांच्या सांध्यांत होती. प्रत्येक दगडाला पुढे रुंद होत जाणारा एक कान काढलेला, आणि तो शेजारच्या दगडाच्या तशाच आकाराच्या खाचेत बसवलेला. असा दगड वर उचलल्याशिवाय निघत नाही, आणि वर उचलायला त्याच्यावर पुढचा थर बसलेला. एका थराचा दुसऱ्याशी सांधा पक्का करायला संगमरवराचे खुंटे. म्हणजे लाटेला एक दगड काढायचा असेल तर अख्खा मनोरा काढावा लागेल. आणि या सांध्यांत भरायचा चुना पाण्याखाली घट्ट व्हायला हवा होता. स्मीटननं वेगवेगळ्या ठिकाणची चुनखडी भाजून, भिजवून पाहिली. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात धरतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यात त्यानं इटलीहून आणलेली ज्वालामुखीची राख मिसळली. पुढे जे सिमेंट जगभर पोचलं त्याच्या शोधाची एक महत्त्वाची पायरी या खडकासाठी केलेल्या खटपटीत आहे.

१६ ऑक्टोबर १७५९ ला स्मीटनचा दिवा लागला. दिवा म्हणजे काय, तर २४ मेणबत्त्यांचं झुंबर. जगातल्या सगळ्यात भक्कम मनोऱ्याच्या डोक्यावर २४ मेणबत्त्या! मनोरा लाटांना पुरून उरला, खडक नाही उरला. शंभरेक वर्षांनी त्याच्याखालचा कातळच पोखरला गेला आणि मोठ्या लाटेसरशी मनोरा हादरायला लागला. म्हणून शेजारच्या खडकावर जेम्स डग्लसनं चौथा बांधला, १८८२ चा, तोच आजचा. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग लोकांनी वर्गणी काढून सुटा केला आणि प्लिमथच्या टेकाडावर पुन्हा उभारला. बुडखा तिथेच सोडला, आणि तो अजून उभा आहे.

स्कॉटलंडच्या पूर्वेला बेल रॉकवर रॉबर्ट स्टीव्हन्सननं हीच पद्धत नेली. हा खडक किनाऱ्यापासून १८ किलोमीटर आत, आणि भरतीला पूर्ण पाण्याखाली. १८०४ मध्ये यॉर्क नावाची ब्रिटिश युद्धनौका सगळ्या खलाशांसकट नाहीशी झाली. ती याच खडकावर गेली असं लोकांनी धरलं, आणि मग कुठे मंजुरी मिळाली. १८०७ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं ते ओहोटीच्या दोन-अडीच तासांपुरतं. लोहारानं भट्टी खडकावरच मांडली होती. पाणी चढायला लागलं की त्याचे पाय पाण्यात आणि समोर निखारे, तरी तो बोथटलेल्या कुदळींना धार लावतच असायचा.

२ सप्टेंबर १८०७ ला खडकावर ३२ माणसं होती आणि त्यांचं जहाज नांगर सुटून वाहत निघालं. उरल्या दोन होड्या, सगळे मावणार नाहीत इतक्या. पाणी चढत होतं. हे आधी कामगारांच्या लक्षात आलं नव्हतं. मग एकेक करून कामगार अवजारं ठेवून होड्यांपाशी जमले आणि कुणी काही बोलेना. स्टीव्हन्सननं नंतर लिहून ठेवलंय की तो बोलायला गेला आणि तोंडाला इतकी कोरड पडली होती की शब्द फुटेना. तो खडकातल्या डबक्यातलं खारं पाणी प्यायला वाकला, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, बोट! आर्ब्रोथहून टपाल घेऊन एक पायलट बोट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारी बोट, योगायोगानं आली होती. १ फेब्रुवारी १८११ ला बेल रॉकचा दिवा लागला. आजही चालू आहे, दर पाच सेकंदांनी एक चमक.

फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या टोकाला, सेन बेटाच्या पलीकडे, आर-मेन नावाचा खडक आहे. तिथली माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी आकडे दोनदा तपासले. १८६७ च्या अख्ख्या हंगामात खडकावर सातदा उतरता आलं, काम झालं एकूण आठ तास, आणि कातळात पाडलेली भोकं पंधरा. सेन बेटाचे कोळी बुचाचे पट्टे बांधून, एका हातानं खडक धरून, दुसऱ्या हातानं छिन्नी चालवत होते. लाट अंगावरून गेली की पुन्हा सुरुवात. दिवा लागायला १८८१ उजाडलं.

लोखंडाचाही प्रयोग झाला. अमेरिकेत बॉस्टनच्या दक्षिणेला मायनट्स लेजवर १८५० मध्ये कातळात रोवलेल्या लोखंडी पायांवर दीपगृह उभारलं. लाटा पायांमधून निघून जातील, अशी कल्पना. एप्रिल १८५१ च्या वादळात ते कोसळलं आणि आतले दोन सहायक रखवालदार गेले. दीड वर्षही धड टिकलं नाही. १८६० मध्ये तिथे ग्रॅनाइटचा मनोरा झाला, सांधे स्मीटनच्याच वळणाचे.

आता दुसरी मागणी, तो तोच असावा.

दिवा दिसला नाही तर खलाशी घाबरतो आणि सावध होतो. चुकीचा दिवा बरोबर समजला तर तो निर्धास्त होतो आणि खडकावर जातो. म्हणून माझ्या मते चुकीच्या ओळखीचा धोका अंधारापेक्षा मोठा. याचा सगळ्यात कडू पुरावा १८१० चा आहे. स्कॉटलंडच्या फोर्थ खाडीच्या तोंडाशी आइल ऑफ मे बेटावर १६३६ पासून कोळशाची शेगडी पेटवली जात होती. कोळसा वाऱ्यासरशी कधी भडकतो, कधी विझत आल्यासारखा दिसतो. डिसेंबर १८१० मध्ये पॅलस आणि निम्फ या दोन युद्धनौका एकाच रात्री डनबारजवळ किनाऱ्यावर चढल्या, कारण किनाऱ्यावरच्या चुन्याच्या भट्टीची धग त्यांना मेचा दिवा वाटली होती. दिवे होते. ओळख नव्हती.

यावरची एक वाट आधीच सापडलेली होती. स्वीडनच्या कार्लस्टेन किल्ल्यावर १७८१ मध्ये दिवा फिरवायला सुरुवात झाली होती. फिरणारा दिवा दूरच्या माणसाला लुकलुकताना दिसतो, आणि चुन्याची भट्टी ठरावीक वेळानं लुकलुकत नाही. पण फिरवायचा तर झोत हवा, आणि झोत करणारे धातूचे आरसे बराचसा प्रकाश स्वतःच गिळत.

तो प्रश्न ऑगस्टिन फ्रेनेलनं सोडवला. मोठं भिंग जाड असतं, जड असतं आणि जाड काच प्रकाश शोषते. फ्रेनेलनं असा विचार केला की काम भिंगाचा बाक करतो, मधली काच नुसतीच भर आहे. म्हणून त्यानं ती भर काढून टाकली आणि बाक तेवढे कड्यांसारखे एकाभोवती एक रचले. पुढे त्यांच्या वर-खाली लोलकांच्या ओळी आल्या, म्हणजे छताकडे आणि जमिनीकडे जाणारा प्रकाशही आडवा वळून समुद्रावर जातो. १८२३ मध्ये फ्रान्समध्ये जिरोंद खाडीच्या मुखाशी कोर्दुआनच्या जुन्या मनोऱ्यात त्याचं पहिलं फिरतं भिंग बसलं. चार वर्षांनी, १८२७ मध्ये, फ्रेनेल क्षयानं गेला, वय ३९. पहिल्या श्रेणीचं असं भिंग जवळून पाहिलं की त्यात माणूस उभा राहू शकेल एवढं ते मोठं असतं. कडेकडेच्या लोलकांत काचेचा हिरवट रंग दिसतो आणि पितळी चौकटीत प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात बसवलेला असतो. दर तुकड्याचा कोन वेगळा मोजलेला! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही टनावारी वजनाची भिंगं पाऱ्यावर तरंगवायला लागले, तेव्हा ती एका बोटानं ढकलता येत. पाऱ्याची वाफ मात्र रखवालदारांच्या छातीत जात राहिली.

भिंगाच्या चौकटीची रचना बदलली की चमकांची लय बदलते. तिथून प्रत्येक खडकाला स्वतःची सही मिळाली. मायनट्स लेज १८९४ पासून एक, मग चार, मग तीन चमका देतो. तिथले लोक त्याला ‘आय लव्ह यू’ दिवा म्हणतात, अक्षरसंख्येवरून. ब्रिजवरून पाहणाऱ्याला त्याचा एवढाच अर्थ कळला तरी पुरे, की असा दिवा आसपास दुसरा नाही.

ही लय चालू ठेवणारे लोक खडकावरच राहायचे. भिंग फिरवणारं वजन दर काही तासांनी हातानं वर चढवायचं, वात कापायची, काचेवरची काजळी पुसायची. वेल्सच्या पश्चिमेला स्मॉल्स नावाच्या खडकावर १८०० च्या सुमारास दोनच रखवालदार असत. एक मेला. दुसऱ्याला वाटलं, मृतदेह समुद्रात सोडला तर खुनाचा आळ येईल, कारण दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं पेटी करून मृतदेह बाहेर बांधून ठेवला आणि वादळ ओसरून बोट येईपर्यंत कित्येक आठवडे एकट्यानं दिवा लावत राहिला. त्यानंतर अशा ठिकाणी तीन माणसं ठेवायचा नियम झाला. बोटीवरच्या लोकांना दिवा रोज दिसत होता, म्हणून आत सगळं ठीक आहे असंच त्यांना वाटत होतं.

अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यासमोर टिलामूक रॉक. १८८१ च्या जानेवारीत मनोरा तयार होत आला होता, दिवा लागायचा होता. दाट धुक्यात कामगारांना जवळून जहाजावरची माणसं ओरडताना ऐकू आली. त्यांनी घाईनं कंदील लावले, जाळ केला. जहाज वळल्यासारखं वाटलं. सकाळी लुपेशिया नावाचं ते जहाज समोरच्या किनाऱ्यावर फुटलेलं दिसलं. सोळा खलाशी गेले, वाचला तो एक कुत्रा. २१ जानेवारीला दिवा अधिकृतपणे लागला, अठरा दिवस उशिरा. या जागेचा समुद्र इतका क्रूर, की दिवा पाण्यापासून चाळीस मीटर उंच असूनही १९३४ च्या वादळात लाटांनी उडवलेल्या दगडांनी त्याचं भिंग फोडलं.

माणसांना खडकावरून सोडवलं त्यात गुस्ताफ डालेन या स्वीडिश अभियंत्याचा मोठा वाटा. १९०७ च्या सुमारास त्यानं सूर्यझडप केली. त्यात मध्ये एक काळी कांडी, भोवती चकचकीत कांड्या. उजाडलं की काळी कांडी प्रकाश शोषून किंचित लांबते आणि गॅस बंद करते. अंधारलं की आखडते आणि गॅस सुटतो. ना घड्याळ, ना माणूस. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी गॅसच्या चाचणीतल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. पारितोषिक त्याच्या भावानं स्वीकारलं. पुढची पंचवीस वर्षं तो आंधळेपणानं काम करत राहिला. ब्रिटनचं शेवटचं माणसांनी चालवलेलं दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झालं.

आता मला विचारतात, जीपीएस असताना हे सगळं कशाला? चार्टच्या पडद्यावर जहाजाचं चित्र आपोआप सरकतं, किनारा रडारवर दिसतो. बरोबर आहे. मीही रोज तेच वापरते. पण जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात अनेक जहाजांच्या पडद्यांवर आपण चक्क एका विमानतळावर उभे आहोत असं दिसलं होतं. कुणीतरी खोटे सिग्नल पाठवले होते. त्यानंतर बाल्टिकमध्ये, पूर्व भूमध्य समुद्रात असे प्रकार वाढतच गेलेत. उपग्रहाचा सिग्नल खोटा करता येतो, आणि पडदा खोटं बोलतोय हे पडद्याकडे बघून कळत नाही. कळतं ते बाहेर बघून. दिव्याचं बेअरिंग, म्हणजे तो कुठल्या दिशेला दिसतो ते, घ्यायचं, चार्टवर रेघ ओढायची, आणि ती पडद्यावरच्या जहाजातून जाते का पाहायचं. एका मिनिटाचं काम आहे. त्या मिनिटासाठी ग्रॅनाइटचे ते सगळे थर आजही कामाचे आहेत.

म्हणून दीपगृहं चालवणाऱ्या संस्था आढावा घेताना खलाशांचं मत मागवतात तेव्हा मी उत्तर पाठवते, आणि इतर ऑफिसरांनाही पाठवायला सांगते. दिवा बंद करण्याचा किंवा त्याचा पल्ला कमी करण्याचा प्रस्ताव असेल, तर ‘वारसा’ वगैरे शब्द मी त्यात घालत नाही. त्यांना कामाचं लिहावं लागतं: कुठल्या मार्गावरून जाताना हा दिवा आम्हाला पहिल्यांदा दिसतो, कुठलं वळण त्याच्या बेअरिंगवर घेतो, त्याच्या मागे किनाऱ्यावरच्या वस्तीचे इतके पांढरे दिवे आहेत की कमी प्रखरतेचा दिवा त्यांत हरवेल, आणि हा गेला तर त्या टापूत जीपीएसशिवाय स्थान तपासायला उरतं काय. नावाखाली हुद्दा लिहायचा आणि वॉचची वेळ लिहायची.